माझी माझ्याच खिडकीला हरकत

आमच्या घराचं नाव 'सी व्ह्यू' आहे आणि घरातून समुद्र दिसत नाही. यात फसवणूक कुणाचीच नाही. थेल्माच्या मावशीने हे घर घेतलं तेव्हा म्हणे स्वयंपाकघरात उभं राहून बोटी मोजता यायच्या. मग खालच्या उतारावर बंगले झाले, बंगल्यांना कुंपणं आली, कुंपणांच्या जागी झाडं आली आणि झाडं कुणाला न विचारता वाढली. मावशी गेली, घर थेल्माला मिळालं, पाटी तशीच राहिली. थेल्मा म्हणजे माझी बायको. मी डेसमंड टॅम्प्लिन, पाणीपुरवठ्याच्या बिलखात्यातून निवृत्त झालेला कारकून. (बिलं चुकायची त्यात माझा वाटा फक्त सहीपुरता होता.)

थेल्मा रोज सकाळी समुद्रात पोहायची. आमच्या ऑल्डक्लिफचा समुद्र ऑगस्टमध्येसुद्धा असा असतो की पाय बुडवला की माणसाला आपली सगळी पापं आठवतात. ही जानेवारीतही जायची. परत येऊन गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसायची आणि दिवसभर खुशीत असायची. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलातून ती निम्मी होऊन घरी आली. डॉक्टरांनी पोहणं बंद केलं आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यात जाणंही बंद केलं. तिने वाद घातला नाही. आमच्या संसारात थेल्माने वाद न घातल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि मी खरंच घाबरलो.

मग मी तिला गाडीतून किनाऱ्यावर न्यायला लागलो. आमच्याकडे ती रीतच आहे. गाडी समुद्राकडे तोंड करून लावायची, काचा बंद करायच्या, थर्मासमधला चहा प्यायचा आणि दोघांनी एकमेकांशी न बोलता समोर बघत बसायचं. दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्येही हेच चाललेलं असतं. आठवडाभर थेल्माने ते सोसलं. मग एका सकाळी टोस्टवर मार्मलेड पसरता पसरता म्हणाली, "गाडीतून समुद्र दिसतो, डेसमंड. पण गाडीत तूही असतोस."

मी मान्य केलं. (चिप्स खाताना माझा आवाज होतो, हे मला ठाऊक आहे.)

"मला माझ्या घरातून, माझ्या खुर्चीत बसून, काचेच्या आडून समुद्र बघायचाय. आपण माळ्यावर खिडकी काढू."

हॉस्पिटलातून आल्यापासून तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. चहाचा दुसरा कपसुद्धा तिने मागितला नव्हता. मी घाईघाईने म्हणालो, "त्यात काय, एक खिडकीच तर काढायची."

हे वाक्य मी आता मागे घेऊ इच्छितो.

त्याच दिवशी मी माळ्यावर चढलो. कौलं जिथे सरकली होती तिथे डोळा लावला, तर खरोखरच समुद्र होता. झाडांच्या शेंड्यांवरून चांगला हातभर दिसत होता. खाली येऊन मी कौन्सिलचे घरदुरुस्तीचे नियम वाचायला घेतले, आणि वाचकहो, मी प्रेमातच पडलो. बागेतली शेड कुंपणालगत असेल तर किती उंच चालते, घरापुढच्या पोर्चचं क्षेत्रफळ किती असावं, रस्त्याकडेचं कुंपण कमरेएवढं पण मागचं मात्र माणसापेक्षा उंच का चालतं, या सगळ्याला उत्तर होतं. उत्तराला अपवाद होता आणि अपवादाला तळटीप होती. बिलखात्यात मला अशी शिस्त कधी मिळाली नव्हती. मी पेन्सिलीने खुणा करत रोज रात्री ते वाचायला लागलो. थेल्मा शेजारी झोपेचं सोंग घ्यायची.

नियमांप्रमाणे घराच्या मागल्या बाजूच्या छपरातून अशी खिडकी काढायला साधारणपणे परवानगी लागत नाही. मी हे थेल्माला मोठ्या रुबाबात सांगितलं. दुसऱ्या दिवशी कौन्सिलमधल्या बाईंनी फोनवर त्याहून मोठ्या रुबाबात सांगितलं की आमचा रस्ता जुन्या घरांच्या जतनक्षेत्रात आहे आणि तिथे छपराला हात लावायचा तर रीतसर अर्ज करावा लागेल. जतनक्षेत्राची हद्द आमच्या रस्त्याच्या मधोमध जाते. समोरच्या माणसाने छपरावर हत्ती बसवला तरी चालतो. आम्ही पलीकडे राहायला हवं होतं, पण मावशीला विचारायला आता उशीर झाला होता.

अर्ज झाला. घर थेल्माच्या नावावर असल्याने अर्जही मिसेस टी. टॅम्प्लिन यांचा. एक दिवस कौन्सिलचा माणूस आला आणि खालच्या रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला पिवळी सूचना बांधून गेला, की अशी अशी खिडकी निघणार आहे, कुणाची हरकत असेल तर कळवावं. थेल्माच्या गालावर बऱ्याच दिवसांनी रंग आला. तिने माळ्यावरच्या खुर्चीसाठी उशीचा अभ्रासुद्धा शिवायला घेतला. समुद्राच्या रंगाचा घेऊ की त्याला उठून दिसेल असा, यावर आमचं भांडण झालं. मला फार बरं वाटलं.

आता मिसेस पेनफोल्ड.

किनाऱ्यावरच्या हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायचा आमचा एक क्लब आहे. मिसेस पेनफोल्ड तिथे खजिनदार आहेत. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी त्यांनी माझं स्वागत केलं आणि मला 'जेफ्री' म्हणाल्या. का, ते देव जाणे. मी डेसमंड आहे असं सांगणार होतो, पण तेवढ्यात त्यांनी केक पुढे केला. तोंडात केक असताना बाईमाणसाची चूक काढणं बरं दिसत नाही. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी वाटलं, आता सांगितलं तर त्या म्हणतील मागच्याच वेळी का नाही सांगितलं. असं करता करता नऊ वर्षं झाली. (वर्गणी मी रोख भरायचो आणि पावतीवरही नुसतं 'जेफ्री' यायचं.) त्या दर ख्रिसमसला 'प्रिय जेफ्री' असं लिहिलेलं कार्ड क्लबात माझ्या हातात ठेवायच्या. मी ते कोटाच्या खिशात घालून घरी आणायचो आणि मोज्यांच्या खणात लपवायचो. (दुसऱ्या बाईची कार्डं लपवणारा नवरा म्हणून मी किती निर्दोष होतो, हे कुणाला पटलं असतं?)

माझ्या नव्या ज्ञानाचा क्लबात बोलबाला झाला. कुणी शेडबद्दल विचारायचं, कुणी कुंपणाबद्दल. मी कलम सांगायचो, अपवाद सांगायचो, लोक माना डोलवायचे. आयुष्यात प्रथमच माझं बोलणं लोक शेवटपर्यंत ऐकत होते. आपलाही अर्ज चाललाय हे मी बोललो नाही. आमच्याकडे घरच्या गोष्टी क्लबात सांगत नाहीत, क्लबातल्या घरी सांगत नाहीत, आणि त्यामुळेच दोन्ही ठिकाणं टिकतात.

एका बुधवारी मिसेस पेनफोल्डनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, आमच्या रस्त्यावर एक संकट आलंय, तुम्ही जाणकार आहात, चहाला या. मी फुगलो. त्यांचा पत्ता लिहून घेतला आणि गेलो.

घर छान होतं. दिवाणखान्यात त्यांच्या दोन शेजारणी, स्कोन म्हणतात ते गोडसर पाव, जॅम, चहा. मिसेस पेनफोल्डनी मला सोफ्यावर बसवलं आणि मागचा पडदा सर्रकन बाजूला केला. बागेच्या शेवटी उंच झाडं, झाडांच्या वर उतार, उतारावर एक छप्पर. छपराच्या बाजूला, झाडांच्या फटीतून, कपडे वाळत घालायची दोरी दिसत होती. दोरीवर माझे पायजमे होते.

"ते घर," मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या. "ती टॅम्प्लिन बाई तिथे खिडकी काढणार आहे."

मी त्या रस्त्यावर कधी आलोच नव्हतो. आमचं दार वरच्या रस्त्याला, त्यांचं खालच्या, मध्ये झाडांची भिंत. आणि दोन पावलं वळसा घालून शेजाऱ्याला भेटायला जाणं ही आमच्या गावात उद्धटपणाची पहिली पायरी समजतात. एका शेजारणीने माझ्या पायजम्यांवरून त्यांच्या मालकाच्या स्वभावाबद्दल काही अंदाज बांधले. ते बरेचसे बरोबर होते. दुसरी म्हणाली, ती बाई मूळची इथली नाहीच, बाहेरची आहे. (थेल्मा पलीकडच्या गावची. बसने वीस मिनिटं लागतात.)

हाच तो क्षण. उठायचं, म्हणायचं, "बायांनो, मी डेसमंड टॅम्प्लिन, ती माझी बायको आहे आणि ते माझे पायजमे आहेत," आणि निघायचं. पण माझ्या बशीत अर्धा स्कोन होता. शिवाय आधी 'मी जेफ्री नाही' हे सांगावं लागलं असतं, आणि नऊ वर्षांचा तो हिशेब चहाच्या वेळेत पुरा होणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "चहा छान झालाय."

तरीही काही बिघडलं नव्हतं. कारण त्यांनी आपल्या हरकती वाचून दाखवायला सुरुवात केली आणि त्या इतक्या निकामी होत्या की माझ्या जिवात जीव आला. एक, खिडकीवर सीगल घरटी करतील. दोन, आमच्या घरांच्या किमती पडतील. तीन, ती दिसायला वाईट असेल असं वाटतं. चार, टॅम्प्लिन बाई क्लबाच्या लॉटरीची तिकिटं कधी घेत नाही. यातली एकही हरकत कौन्सिलात टिकली नसती. मी फक्त गप्प बसायचं होतं. माझ्या बायकोच्या समुद्रासाठी मला या जगात एवढंच करायचं होतं, की तोंडात स्कोन घालायचा आणि गप्प बसायचं.

"हे नाही चालणार," मी म्हणालो.

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. आता सांगायला लाज वाटते, पण मला राहवलंच नाही. चुकीचं कलम समोर दिसलं की माझ्या अंगावर काटा येतो. घराची किंमत कायद्यात धरत नाहीत, मी सांगितलं. सीगल धरत नाहीत. तिकिटं तर मुळीच धरत नाहीत.

"मग काय धरतात, जेफ्री?" मिसेस पेनफोल्डनी माझ्या कपात चहा ओतत विचारलं.

"खासगीपणा," मी म्हणालो. "वरच्या खिडकीतून तुमच्या बागेत आणि तुमच्या झोपायच्या खोलीत थेट नजर पडते. हे लिहा. बाकीचं सगळं खोडा."

मग मी त्यांना मजकूर सांगितला. उताराचा फरक, खिडकीची उंची, हिवाळ्यात झाडांची पानं गळल्यावर काय होतं, सगळं मुद्देसूद. (आमची झाडं सदाहरित आहेत, पण मी म्हटलं, एखादं वठू शकतं.) शेवटचं वाक्य मी दोनदा बदललं. मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या, "जेफ्री, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं?" चढ चढून घरी येता येता मला उमगलं की मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलाय, तोही नेम धरून.

कौन्सिल सगळ्या हरकती इंटरनेटवर टाकतं. चार दिवसांनी थेल्माने आमच्या खिडकीवरची हरकत वाचली. मी सिंकपाशी पाठ करून उभा होतो आणि तिने मोठ्याने वाचलेली माझीच वाक्यं ऐकत होतो. ऐकायला चांगली वाटत होती.

"कुणी लिहिलंय हे?" ती म्हणाली. "खाली सही कुणा पेनफोल्ड बाईची आहे, पण डोकं तिचं नाही हे. हा कुणीतरी पोचलेला माणूस आहे. नियम कोळून प्यायलाय."

"असं वाटतं तुला?" मी विचारलं.

"हुशार आहे मेला. तुझ्यासारखे दहा विकून येईल."

माझ्या अक्कलहुशारीचं बायकोने एवढं कौतुक लग्नानंतर प्रथमच केलं आणि मला ते घेता येत नव्हतं. मी हात पुसले. आता सांगूनच टाकू, असं ठरवून तिच्यासमोर बसलो. तेवढ्यात ती म्हणाली की हा माणूस मला एकदा भेटू दे, मी त्याला माझ्या हाताने समुद्रात बुडवते, डॉक्टर काहीही म्हणोत. मी विचारलं, चहाबरोबर बिस्किट घेणार का.

तिने शिवायला घेतलेला अभ्रा त्या दिवशी घडी घालून कपाटात ठेवून दिला. मला ते बघवलं नाही. मी माळ्यावर जाऊन त्या फटीतून समुद्राकडे बघत बराच वेळ बसलो आणि मनाशी पक्कं केलं की काहीही होवो, ही खिडकी मी काढणारच. आयुष्यात मी इतका निश्चय क्वचितच केला असेल. निश्चय करून खाली आलो तर डोक्यात जळमटं होती आणि थेल्माने ती काढली.

हरकती आल्यामुळे अर्ज नगरसेवकांच्या समितीपुढे गेला. तिथे जाहीर बैठक होते. हरकत घेणाऱ्यांच्या वतीने एकाने बोलायचं आणि अर्जदाराने बोलायचं, प्रत्येकी तीन मिनिटं. थेल्मा म्हणाली, मी स्वतः बोलणार, तू माझ्या शेजारी बस. क्लबात मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या, आमच्या वतीने तुम्ही बोलणार, जेफ्री, मी नाव देऊनसुद्धा आले. मी दोघींनाही 'बरं' म्हणालो. दोघींना वेगवेगळ्या दिवशी म्हणालो, त्यामुळे ते त्या वेळी तितकं वाईट वाटलं नाही.

बैठकीच्या दिवशी आजारी पडायचा विचार मी केला होता. पण थेल्मा निळा कोट घालून, केस नीट करून दारात उभी राहिली. हॉस्पिटलनंतर तो कोट तिला सैल झाला होता. तिने तो पट्ट्याने आवळून घेतला होता. मी गाडीची किल्ली घेतली.

सभागृहात थेल्मा पहिल्या रांगेत बसली. दुसऱ्या बाजूला मिसेस पेनफोल्ड, शेजारणी आणि अर्धा क्लब. मी चहाच्या टेबलापाशी उभा राहिलो, दोन्ही बाजूंना हात करत. दोघींनाही वाटलं, मी त्यांच्यासाठी चहा आणतोय.

अध्यक्ष एक थकलेले गृहस्थ होते. त्यांनी आधी सविस्तर एका शेडचा निकाल लावला. (तो चुकीचा लावला, पण मी जीभ चावली.) मग आमचा क्रमांक आला. थेल्मा उभी राहिली. तिने कागद आणला होता, पण तो उघडलाच नाही.

"मी पोहायचे," ती म्हणाली. "आता मना केलंय. मला कुणाच्या बागेत बघायचं नाही. बागा मी पुष्कळ बघितल्यात. मला त्यांच्या वरचं बघायचंय." आणि ती बसली. तीन मिनिटांतली बरीचशी शिल्लक राहिली.

"हरकतदारांच्या वतीने," अध्यक्ष कागद जवळ धरून म्हणाले, "श्री. जेफ्री. आडनाव दिलेलं नाही."

अर्ध्या क्लबने माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. थेल्मानेही, शत्रू कोण ते बघायला, वळून पाहिलं. मी दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन माइकपर्यंत गेलो. कप कुठे ठेवावेत कळेना, म्हणून अध्यक्षांपुढे ठेवले. त्यांनी आभार मानले.

"मी जेफ्री नाही," मी म्हणालो. "माझं नाव डेसमंड टॅम्प्लिन. या बाईंचा मी नवरा. ते पायजमे माझे आहेत." शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं, पण एकदा सुरुवात केल्यावर मला थांबता येईना. "आणि ती हरकत मीच सांगितली. शब्द न् शब्द माझा आहे. ती मी मागे घेतो. माझ्या बायकोला समुद्र बघू द्या. मी तुमच्या पाया पडतो."

आमच्याकडे कुणी कुणाच्या पाया पडत नाही. त्यामुळे अध्यक्षांनी आपले पाय टेबलाखाली ओढून घेतले.

मिसेस पेनफोल्ड उठल्या. "मग नऊ वर्षं," त्यांनी विचारलं, "मी ख्रिसमसची कार्डं कुणाला देत होते?"

"मला," मी म्हणालो.

"कोणती कार्डं?" थेल्माने विचारलं.

अध्यक्षांनी लाकडी हातोडी आपटली आणि आपल्या कायदेशीर सल्लागाराशी कुजबुजले. मग मला समजावून सांगितलं, की हरकत लेखी आहे आणि तिच्यावर खालच्या रस्त्यावरच्या रहिवाशांच्या सह्या आहेत. ती कुणी सांगितली याच्याशी समितीला कर्तव्य नाही, आणि अर्जदाराच्या नवऱ्याला ती मागे घेता येणार नाही. त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. मी मान डोलावली. (मला राहवलंच नाही.) शिवाय, ते म्हणाले, इतकी मुद्देसूद हरकत या समितीपुढे फार दिवसांत आलेली नाही. एका नगरसेविकेने तर ती इतर हरकतदारांना नमुना म्हणून द्यावी असं सुचवलं.

मग मतदान झालं. समितीला थेल्माचंही पटलं होतं आणि माझंही. तेव्हा त्यांनी सरकारी माणसं करतात तेच केलं. खिडकीला परवानगी दिली आणि खासगीपणाच्या मुद्द्याचा मान राखून अट घातली की खोलीच्या जमिनीपासून उभ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत काच दुधी असावी. आरपार दिसणारी काच त्याच्या वर चालेल.

गाडीत मी वायपर लावले. पाऊस नव्हता. घराशी आल्यावर थेल्मा म्हणाली, "छान लिहिलं होतंस." एवढंच. ती ओरडली असती तर मला त्या रात्री झोप लागली असती.

खिडकी झाली. दुधी काच बसली. खोलीत उजेड भरपूर होता, पण डोळ्यांसमोर नुसतं धुकं आणि वर आभाळाची पट्टी. थेल्मा चवड्यांवर उभी राहिली तरी तिला फक्त सीगलची पोटं दिसायची. मी अपील करू म्हणालो, कलम शोधू म्हणालो. तिने माझ्या हातातून नियमांची फाइल काढून घेतली आणि स्वतः बाहेर पडली. त्या सकाळी तिची चाल आजारी माणसाची नव्हती. संध्याकाळी एक टेम्पो दाराशी आला. गावातला टेनिस क्लब बंद पडला होता. तिथली पंचांची उंच खुर्ची, शिडीसकट, तिने उचलून आणली होती.

कौन्सिलची तरुण अधिकारी काम तपासायला आली. तिने काच मोजली, बरोबर भरली. मग ती त्या खुर्चीकडे बघत राहिली. वर थेल्मा शाल पांघरून, नव्या अभ्र्याची उशी पाठीशी घेऊन, समुद्राकडे तोंड करून बसली होती. फर्निचर आमच्या अखत्यारीत येत नाही, असं ती मुलगी म्हणाली आणि चहा घेऊन गेली.

मिसेस पेनफोल्ड पहिले काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. थेल्माशी मात्र बोलायला लागल्या. आधी कार्डांची शहानिशा करायला आल्या, मग स्कोन घेऊन आल्या, आता गुरुवारी येतातच. त्यांच्या बागेत वरून सगळं दिसतं, याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. म्हणतात, माझी हरकत त्या अनोळखी टॅम्प्लिन बाईला होती, थेल्माचं काय एवढं. कधीकधी त्या स्वतःही वर चढतात आणि आपल्या घराचं पन्हाळ तुंबलंय का ते बघून घेतात. थेल्माचा खोकला गेलाय, वजन वाढलंय, आणि ती माझ्याशी दिवसातून दोनदा तरी वाद घालते. मी सुखी आहे, हे मी सांगितलं पाहिजे.

माझं काम म्हणजे शिडी धरायची आणि चहा वर द्यायचा. त्या खोलीत माझी एक बुटकी खुर्ची आहे, दुधी काचेसमोर. परवाच्या गुरुवारी थेल्मा खुर्चीत आणि मिसेस पेनफोल्ड शिडीवर असताना धीर करून मी विचारलं, मला एकदा वर बसून बघता येईल का. दोघींनी वरून एकमेकींकडे पाहिलं.

"तुझी लेखी हरकत आहे, डेसमंड," थेल्मा म्हणाली.

समुद्र छान आहे, असं ऐकतो.